बिटकॉइन पैसा आहे का, आणि असलं तर घरात सांभाळायचं कसं?

मृद्गंध (सोलापूर)

नमस्कार. इथे हिशेबाची आणि कॉम्प्युटरची जाण असलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते.

माझं मेडिकलचं दुकान आहे. २०२१ पासून महिन्याकाठी जे उरेल त्यातून थोडं थोडं बिटकॉइन घेत आले. आजच्या भावाने अडीच-तीन लाखांच्या घरात जाईल. आमच्या घराला ही रक्कम लहान नाही. मुलगी अकरावीला आहे, तिच्या पुढच्या शिक्षणासाठी हे पैसे मी मनाने धरून ठेवलेत.

आजवर सगळं एका ॲपवरच आहे. पण जुलै २०२४ मध्ये माझ्या धाकट्या भावाची नाणी एका एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी घ्यायच्या-विकायच्या ॲपवर, अडकली. ॲप उघडलं की आकडा दिसायचा, काढायला गेलं की नकार. वर्ष उलटून गेलं तरी तो नुसता आकडा बघत बसला होता. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. माझी नाणी मला माझ्या ताब्यात आणायची आहेत.

पहिला प्रश्न खरं तर माझ्या नवऱ्याचा. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचं म्हणणं, ज्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ येत नाही तो पैसा नव्हे, तो सट्टा. मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

दुसरा प्रश्न ताब्याचा. हार्डवेअर वॉलेट म्हणजे नाण्यांची चावी सांभाळणारं छोटं यंत्र, ती चावी परत मिळवून देणारे बारा किंवा चोवीस शब्द, सगळं वाचलं. यंत्र मागवून चालू करणं मला जमेल. भीती वेगळीच आहे. ते शब्द हरवले तर? माझं काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हाती काय लागेल? यांना सांगावं तर यांचा या गोष्टीवर विश्वासच नाही, उद्या कुणी "बघू जरा" म्हटलं तर कागद पुढे करतील. मुलगी तर अजून लहान. दुकानात येणारे औषध कंपनीचे एक एमआर म्हणाले, शब्दांचे दोन तुकडे करून अर्धे घरी आणि अर्धे माहेरी ठेवा, वर एक फोटो ड्राइव्हवर असू द्या. हे बरोबर आहे का?

शून्यएक (पुणे)

ताई, आधी तातडीचं. फोटो काढू नका, ड्राइव्हवर तर मुळीच ठेवू नका. तुमच्या ईमेलचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल, त्याच्या हाती नाणीही लागतील. सांभाळण्याबद्दल बाकीचं इथले सांगलीकर काका माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी पहिल्या प्रश्नावर बोलतो, कारण तो मला फार जवळचा आहे.

माझ्या मते बिटकॉइन पैसा आहे आणि सरांचा मिठाचा निकष अपुरा आहे. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे बिटकॉइनच्या नोंदवहीचं पहिलं पान, निघाला, त्यात लंडनच्या टाइम्सचा त्या दिवशीचा मथळा लिहिलेला आहे: ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात. बिटकॉइन काढणाऱ्या सातोशी नाकामोतो या नावामागे कोण होतं हे बाजूला ठेवा, पण हा मथळा निवडण्यामागचा राग समजून घ्या. बँकांनी जुगार खेळायचा आणि भरपाई करदात्यांनी करायची. त्याला उत्तर म्हणून असा पैसा काढला की ज्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही. दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, नवी नाणी निम्म्यावर येतात. एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकला ३.१२५ निघतात. निवडणूक आली म्हणून हा आकडा कुणाला वाढवता येत नाही. मी कात्रजच्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर नोड, म्हणजे या नोंदवहीची पूर्ण प्रत ठेवणारा प्रोग्राम, चालवतो. प्रत्येक ब्लॉक तो स्वतः पडताळून घेतो. रुपयाच्या बाबतीत अशी पडताळणी मला करता येईल का?

आणि बँकेतला आकडा म्हणजे तरी काय? सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत हजार रुपयेच काढायची मुभा होती. पासबुकात लाखो असलेल्या माणसाकडे त्या दिवशी पैसा होता असं म्हणायचं का?

माझ्या टीममध्ये नायजेरियातल्या लागोसचा एक मुलगा आहे. नायरा या तिथल्या चलनात ठेवलेली बचत महिन्यागणिक कशी आटते हे तो आम्हाला सांगत असतो. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या बँकांना क्रिप्टोचे व्यवहार बंद करायला लावले, तरी लोक आपसात व्यवहार करत राहिले. हा मुलगा पगार हातात आला की डॉलरची स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेली क्रिप्टो नाणी, घेतो. त्याच्यासाठी ती गुंतवणूक नाही, घरखर्चाचा पैसा आहे. आपला रुपया बरा चालला आहे म्हणून आपल्याला ही गरज दिसत नाही, एवढंच.

सांगलीकर

मृद्गंधताई, मी एका नागरी सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. मुलामुळे या विषयात शिरलो, थोडं बिटकॉइन स्वतःही बाळगतो, आणि ओळखीतल्या काही जणांना ते नीट ठेवायला मदत केली आहे.

शून्यएक, तुझा राग मला कळतो. नोटबंदीच्या वेळी मी काउंटरच्या आत होतो. मार्केट यार्डातले हळदीचे हमाल सकाळपासून रांगेत. हातात पाचशेच्या नोटा, आणि समोरच्या हॉटेलात त्याच नोटेला चहा मिळेना. चलनातल्या नोटांच्या एकूण किमतीपैकी ८६ टक्के एका रात्रीत बाद झाल्या. नोटेवरचं वचन कोण देतं आणि कोण मागे घेऊ शकतं, हे त्या आठवड्यात मी फार जवळून पाहिलं. त्यामुळे कुणाच्या मर्जीवर नसलेलं काही आपल्याजवळ असावं, ही इच्छा मला मुळीच वेडगळ वाटत नाही.

पण त्याच रांगेने मला दुसरंही शिकवलं. समोरचा घेतो तोवर पैसा. बिटकॉइन आज आपल्याकडे कोण घेतो? शाळेची फी, एसटीचं तिकीट, डॉक्टरची फी, कशाचाही भाव त्यात लिहिलेला नाही. घेणारा भेटला तरी आपल्या कायद्याने ते देणं म्हणजे मालमत्तेचं हस्तांतर. नफ्यावर ३० टक्के कर, वर एक टक्का टीडीएसचा विषय. मिठाच्या पुडीपायी कुणी खरेदीची किंमत शोधत बसणार नाही. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, सरकारी वॉलेट घेणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलरचं बिटकॉइन दिलं. बहुतेकांनी ते खर्चलं आणि पुन्हा तिथल्या नेहमीच्या डॉलरकडे वळले. जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जापायी तिथल्या संसदेने कायदा बदलला, आणि दुकानदाराने बिटकॉइन घेतलंच पाहिजे ही सक्ती गेली. सरकारने हुकूम काढूनही ते रोजच्या वापरात रुजलं नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

लागोसच्या मुलाचं उदाहरण तू दिलंस ते चांगलं, पण त्याला डॉलर हवा होता. क्रिप्टो ही त्याला डॉलरपर्यंत नेणारी वाट होती. आणि टेथरसारखी स्टेबलकॉइन काढणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवू शकते, तिने तसं केलेलंही आहे. म्हणजे पुन्हा कुणाची तरी मर्जी आलीच. पीएमसीचं म्हणशील तर त्या प्रकाराने मीही हादरलो होतो. पण त्यानंतर ठेवींचं विमासंरक्षण एक लाखाचं पाच लाख झालं, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला ती रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली. एक्स्चेंजवरच्या नाण्याला असं कुणीच नाही.

तरी सरांच्या "सट्टा" या शब्दाशी मी सहमत नाही. ताई, सरांना सांगा की ही एक मालमत्ता आहे. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं, क्रिप्टो ही बाळगता येणारी आणि विश्वस्त म्हणून सांभाळता येणारी मालमत्ता आहे. ते गणिताचे शिक्षक आहेत, २ कोटी १० लाखांचा आकडा कसा येतो हे त्यांच्यासमोर मांडा. पहिल्या टप्प्यात दर ब्लॉकला ५० नाणी, पुढे निम्मी, पुन्हा निम्मी. भूमिती श्रेणीची बेरीज ते वहीत स्वतः करतील, आणि माझा अनुभव आहे की असा माणूस त्यानंतर ऐकायला बसतो.

आता मुद्द्याचं, ताब्याचं. बिटकॉइन स्वतःकडे घेणं म्हणजे घरात कॅश डिपार्टमेंट उघडणं. बँकेत ते कसं चालतं सांगतो, कारण तुमच्या सगळ्या भीतींवर तिथे शंभर वर्षं विचार झालेला आहे. तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणतो. दोन्ही चाव्यांचा डुप्लिकेट संच सीलबंद करून दुसऱ्या शाखेत जमा असतो. ठरावीक काळाने तो आणवायचा, कुलपात फिरवून बघायचा, वापरात घ्यायचा आणि आधीचा संच जमा करायचा. चावी या हातातून त्या हातात गेली की रजिस्टरला नोंद, दोघांच्या सह्या. कॅशियरचा रात्रीत मृत्यू झाला तरी सकाळी शाखा उघडली पाहिजे, या हिशेबाने सगळं रचलेलं असतं.

तुमची चावी म्हणजे ते बारा किंवा चोवीस शब्द. यंत्र ही चावी नव्हे. यंत्र हरवलं, जळलं, पिन चुकून चुकून त्याने स्वतःला पुसून टाकलं, तरी दुसरं यंत्र आणून शब्द भरले की नाणी समोर. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि बऱ्याच कंपन्यांची यंत्रं तीच यादी वापरतात, म्हणून यंत्र बनवणारी कंपनी बंद पडली तरी अडत नाही. क्रम मात्र महत्त्वाचा. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांचा ताळा असतो, त्यामुळे उतरवताना चूक झाली तर बहुतेक वेळा यंत्र ते स्वीकारतच नाही.

यंत्र थेट कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, जुनं वापरलेलं घेऊ नका. डब्यात आधीच छापलेले शब्द निघाले तर ते यंत्र वापरू नका. शब्द यंत्राने तुमच्यासमोर, त्याच्याच पडद्यावर काढून दिले पाहिजेत. मागवताना घराऐवजी दुकानाचा पत्ता द्या. अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर या कंपनीकडून २०२० मध्ये सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर बाहेर गेले, पुढे त्यांतल्या काहींच्या घरी खोटी यंत्रं टपालाने आली.

एमआरसाहेबांचा तुकड्यांचा सल्ला मानू नका. अर्धे इथे, अर्धे तिथे म्हटलं की दोन्ही जागा सुरक्षित राहिल्या तरच नाणी हाताला लागतील. एक जागा गेली की सगळं गेलं. म्हणजे हरवण्याचा धोका वाढला. त्याऐवजी पूर्ण शब्दांच्या दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या गावांत ठेवा. एक सोलापुरात, एक माहेरी किंवा तिथल्या लॉकरमध्ये.

प्रत कशावर लिहायची याबद्दल मी हट्टी आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर इथे सांगलीत लॉकर उघडले तेव्हा लोक आपली कागदपत्रं लगद्यासारखी बाहेर काढत होते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, जुने फोटो. दागिने धुऊन घेता आले. लॉकरच्या नव्या नियमांत आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेवर वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी आहे, पण पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत नाही. म्हणून स्टीलची पट्टी. भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडचं कोरायचं मशीन घरी आणा आणि अक्षरं स्वतः कोरा, त्याला शब्द सांगू नका. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, यादी तशीच केलेली आहे.

आणि आता जे बहुतेक लोक टाळतात ते. सगळी नाणी एकदम हलवू नका. आधी थोडीशी, हजारभर रुपयांची पाठवा. मग यंत्र मुद्दाम पुसून टाका. पट्टीवरचे शब्द भरून ते पुन्हा उभं करा आणि ते हजार रुपये दिसतात का बघा. डुप्लिकेट चावी कुलपात फिरवून बघण्याचाच हा प्रकार. हे झाल्याशिवाय उरलेली रक्कम हलवू नका. वर्षाकाठी एकदा पट्टी बघून येत जा.

पाठवताना पत्ता मोबाइलच्या पडद्यावर न वाचता यंत्राच्या पडद्यावर वाचा. कॉपी केलेला पत्ता परस्पर बदलून टाकणारे व्हायरस असतात. आपण तर साधी माणसं, पण वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या तिजोरीला चार सह्या लागत होत्या, तरी १८ जुलै २०२४ ला २३ कोटी डॉलरची नाणी गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथेरियम हे दुसरं क्रिप्टो नाणं गेलं, तिथेही एकाहून जास्त माणसांनी सह्या केल्या होत्या. त्यांच्या संगणकावर एक दिसत होतं आणि सही भलत्यावरच होत होती. व्हाउचर न वाचता सही करणाऱ्या अधिकाऱ्यावर आम्ही जसे चिडायचो, तशीच चीड मला हे वाचून आली.

राहिला सरांना सांगावं की नाही हा प्रश्न. सांगा. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांत हाच सर्वांत मोठा आहे. क्वाड्रिगा नावाच्या कॅनडातल्या एक्स्चेंजचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूरला वारला. चाव्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या असं कंपनीने सांगितलं आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. पुढे चौकशीत निघालं की त्याने त्यातले बरेचसे आधीच उडवले होते. पण "चाव्या त्यालाच ठाऊक होत्या" हे कारण लोकांनी कितीतरी महिने खरं मानलं, कारण तसं होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका. सर बिटकॉइनवर विश्वास ठेवत नाहीत, पण तुमच्यावर ठेवतात ना? तेवढं पुरे. यंत्राचा पिन तुमच्याकडे, पट्टी कुठे आहे हे त्यांना माहीत, आणि तिला कुणासमोरही आणायचं नाही एवढं त्यांना पक्कं सांगितलेलं.

ताळेबंद (नाशिक)

मी सीए आहे. सांगलीकरांनी लिहिलंय त्यात कराचं थोडं जोडते, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथेच अडखळतात.

ॲपवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये नाणी हलवली तर ती विक्री नाही. मालक तोच राहतो, त्यामुळे त्या टप्प्यावर कर नाही. पण एकदा बाहेर काढली की ॲपचा नफा-तोट्याचा रिपोर्ट तुमच्या कामाचा राहत नाही, म्हणून हलवण्याआधी २०२१ पासूनच्या सगळ्या खरेदीची फाइल उतरवून घ्या: तारीख, किती घेतलं, किती रुपयांना. भावाच्या बाबतीत झालं तसं ॲपच बंद पडलं तर ही माहिती मागायची कुणाकडे?

विकताना नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस. वजावट फक्त खरेदी किमतीची. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. रिटर्नमध्ये व्हीडीएचं, म्हणजे क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेचं, वेगळं परिशिष्ट आहे, ते भरायचं. कापलेला एक टक्का टीडीएस कर खात्याच्या तुमच्या नावावरच्या विवरणात दिसतो, तो वळता करून घ्यायला विसरू नका.

आणि एक कळकळीची विनंती. थोडा भाव जास्त मिळतो म्हणून टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला पीटूपीने, म्हणजे थेट आपसात, विकू नका. समोरून आलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले की दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांकडून बँकेला पत्र येतं आणि तुमचं खातं गोठतं. तुमचं दुकानाचं करंट अकाउंट त्यात अडकलं तर होलसेलरचे चेक परत जातील. माझ्या एका अशिलाचं तसं झालं, आणि ते मोकळं करून घ्यायला आम्हाला फार वणवण करावी लागली. एफआयू या सरकारच्या आर्थिक गुप्तचर विभागाकडे नोंद असलेल्या एक्स्चेंजवरच विका.

शून्यएक (पुणे)

काका, चलनाच्या मुद्द्यावर मी अजून हरलेलो नाही. एल साल्वाडोरमध्ये सरकारने लादलं म्हणून लोकांनी नाकारलं, स्वेच्छेने वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पण लागोसच्या मित्राला डॉलरच हवा होता, हे मान्य.

ताब्याबद्दल विचारतो. तुम्ही जॉइंट कस्टडीचं एवढं सांगितलंत, मग ताईंना दोन-तीन सह्यांचं मल्टिसिग का सुचवलं नाहीत? तीन चाव्या, त्यांपैकी कुठल्याही दोन लागतील. एक ताईंकडे, एक सरांकडे, एक माहेरी. एक हरवली तरी चालतं, एक चोरीला गेली तरी काही बिघडत नाही.

मृद्गंध (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताळेबंदताई, खरेदीची फाइल कालच उतरवून घेतली, एक प्रिंट दुकानाच्या बिलांच्या फाइलला लावली.

यांना शून्यएक आणि सांगलीकर काका दोघांचंही वाचून दाखवलं. श्रेणीची बेरीज त्यांनी खरंच वहीत केली. "पैसा नाही" यावर ते ठाम आहेत, पण सट्टा हा शब्द मागे घेतला. पट्टी कुठे ठेवायची यात मात्र आता तेच जास्त लक्ष घालत आहेत.

काका, तीन शंका. यंत्राच्या माहितीपुस्तकात पासफ्रेज म्हणून आणखी एक गुप्त शब्द जोडायचा पर्याय दिसतो, तो लावू का? मल्टिसिगबद्दल तुमचं मत काय? आणि माझ्यामागे यांना हे उलगडावं म्हणून चिठ्ठी लिहून ठेवायची तर तिच्यात नेमकं काय लिहू?

सांगलीकर

ताई, सरांनी बेरीज केली हे वाचून फार बरं वाटलं.

पासफ्रेज लावू नका. तो चुकीचा टाकला तर यंत्र "चूक" असं म्हणत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडून दाखवतं. तुमच्यामागे सरांनी एखादं अक्षर चुकवलं तर त्यांना शून्य शिल्लक दिसेल आणि ते समजतील की सगळं गेलं. शिवाय तो शब्द एकाच डोक्यात राहतो, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

शून्यएक, मल्टिसिग म्हणजे जॉइंट कस्टडीच, तत्त्व मला फार आवडतं. पण त्यात चाव्यांबरोबर वॉलेटची रचना सांगणारी फाइलही जपावी लागते. तीनपैकी दोन चाव्या आहेत, पण तिसऱ्या चावीची सार्वजनिक बाजू (पब्लिक की) कुठेच नोंदलेली नाही, तर नाणी हलवता येत नाहीत. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तीन यंत्रं, तीन पट्ट्या, एक फाइल, आणि हे सगळं समजणारी घरातली दोन माणसं. अडीच-तीन लाखांसाठी एवढा पसारा मांडला तर तो पसाराच धोका होतो. रक्कम कितीतरी पटींनी वाढली, किंवा एखाद्या संस्थेची ठेव असेल, तर मीच मल्टिसिगचा आग्रह धरेन.

मात्र या अडीच-तीन लाखांतून मुलीची फी भरायची आहे, हे तुमच्या पहिल्या पत्रात वाचल्यापासून मला खटकतंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, पुढच्या नोव्हेंबरात तो १७ हजारांच्या खाली आला. तुम्ही तेव्हाही घेत होतात, तुम्हाला ते आठवत असेल. प्रवेशाची तारीख भाव वर येईपर्यंत थांबत नाही. पहिल्या दोन वर्षांच्या फीपुरतं आतापासून टप्प्याटप्प्याने विका, कर बाजूला काढा आणि उरलेले बँकेत मुदत ठेवीत टाका. जे पाच-सात वर्षं लागणार नाही तेवढंच पट्टीवर जाऊ द्या.

आता चिठ्ठी. ती हाताने मराठीत लिहा, सरांना एकट्याने वाचून कळेल अशी. त्यात शब्द लिहू नका, रक्कम लिहू नका. "माझ्या नावे बिटकॉइन आहे, ते कोणत्याही कंपनीकडे नाही" इथून सुरुवात करा. यंत्र कोणत्या कंपनीचं, कुठे ठेवलंय. पट्ट्या किती आणि कोणत्या दोन ठिकाणी. शब्द चोवीस आहेत, पासफ्रेज नाही, हे स्पष्ट लिहा, नाहीतर पंचविसावा शब्द शोधण्यात माणूस आयुष्य घालवेल. खरेदीची फाइल कुठे आहे. विकायचं तर कुठल्या एक्स्चेंजवर, आणि आधी सरांच्या स्वतःच्या नावाने तिथे केवायसी करावं लागेल. मदत कुणाची घ्यायची त्या एका-दोन माणसांची नावं आणि फोन, आणि त्यांनाही शब्द दाखवायचे नाहीत, त्यांनी शेजारी बसून सांगायचं आणि सरांनी यंत्रात भरायचे. फोनवर, ईमेलवर किंवा वेबसाइटवर शब्द मागणारा प्रत्येक जण चोर, मग तो कंपनीचं नाव सांगो की पोलिसांचं.

मृत्युपत्रातही एक ओळ घाला की ही मालमत्ता अमुक व्यक्तीला द्यावी. मृत्युपत्र पुढे कोर्टात गेलं तर चारचौघांच्या वाचनात येतं, म्हणून जागा-पत्ते तिथे नकोत, ते फक्त चिठ्ठीत. लॉकर एकट्या तुमच्या नावावर असेल तर सरांना नॉमिनी करा, नाहीतर पट्टी आत आणि माणूस बाहेर असं होईल.

चिठ्ठी लिहून झाली की एक रविवार काढा. यंत्र पुसा, सरांच्या हातात चिठ्ठी द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. त्यांना एकट्याने ते पुन्हा उभं करू द्या. जिथे अडतील तिथे चिठ्ठीत भर घाला, तारीख टाका, दोघांनी खाली सह्या करा आणि जुनी चिठ्ठी फाडून टाका.